डेव्हिड बोवीचा अभिनय: कुठून सुरुवात करावी आणि काय पाहावं

डेव्हिड बोवी म्हटलं की आधी गाणी आठवतात, आणि ते साहजिकच आहे. पण ‘स्पेस ऑडिटी’ आणि ‘हीरोज’ गाणाऱ्या या माणसाने १९६७पासून २००९पर्यंत सिनेमात, टीव्हीवर आणि ब्रॉडवेच्या रंगमंचावर सतत कामं केली. त्यातल्या तीन-चार भूमिका अशा आहेत की आयुष्यात एकही गाणं गायलं नसतं तरी त्याचं नाव नट म्हणून घेतलं गेलं असतं.

नव्याने पाहायला बसणाऱ्याची अडचण अशी, की यादी लांबलचक आहे आणि कामाचा दर्जा खालीवर आहे. कुठेही शोधलंत तरी यादी सालवार लावलेली मिळते, आणि सालवार बघायला घेतलंत तर तिसऱ्या-चौथ्या नावापर्यंत उत्साह मावळेल. म्हणून मी इथे वेगळा क्रम सुचवतोय. सोप्याकडून अवघडाकडे नेणारा हा क्रम आहे. आठवड्याला एक सिनेमा या हिशेबाने गेलात तर दीड महिन्यात बोवी नावाचा नट नीट ओळखीचा होईल.

सिनेमा लावण्याआधी

बोवीचा जन्म ८ जानेवारी १९४७चा, दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनचा. मूळ नाव डेव्हिड रॉबर्ट जोन्स. विशीत असताना तो लिंडसे केम्प या नर्तक आणि मूकाभिनय करणाऱ्या कलावंताकडे शिकायला गेला आणि त्याच्याबरोबर रंगमंचावरही उभा राहिला. ‘स्पेस ऑडिटी’ आलं १९६९मध्ये. म्हणजे हात किती उचलायचा, मान कुठे थांबवायची, रिकाम्या जागेत वस्तू असल्याचा भास कसा निर्माण करायचा, हे सगळं तो नाव होण्याच्या आधी शिकला होता. १९७२मध्ये त्याने उभा केलेला झिगी स्टारडस्ट हा परग्रहावरचा रॉकस्टार हीसुद्धा भूमिकाच होती. ३ जुलै १९७३ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये भर कार्यक्रमात त्याने तिचा शेवट जाहीर करून टाकला. तेव्हा गायकाला नंतर सिनेमाचा मोह झाला, अशा नजरेने हे बघू नका. गाणं आणि अभिनय दोन्ही एकाच तालमीतून आलेत.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. किशोरवयात एका मित्राशी झालेल्या भांडणात त्याच्या डाव्या डोळ्यावर ठोसा बसला आणि त्या डोळ्याची बाहुली कायमची विस्फारलेली राहिली. त्यामुळे दोन डोळे दोन रंगांचे वाटतात. कॅमेरा जवळ आला की चेहऱ्यात काहीतरी जुळत नाहीये असं जाणवतं, पण काय ते चटकन सांगता येत नाही. चांगल्या दिग्दर्शकांनी या चेहऱ्याचा पुरेपूर उपयोग केला.

आता माझं स्पष्ट मत सांगतो, कारण पुढचा सगळा क्रम त्यावर उभा आहे. बोवी लांब संवादांचा नट नव्हता. भरपूर बोलायचं, कथानक पुढे रेटायचं, सर्वसामान्य माणूस व्हायचं, असं काम दिलं की तो अवघडतो. पण इतरांमध्ये उपरा असलेला, ज्याच्याकडे सगळे टक लावून बघतायत असा माणूस त्याला दिला की त्याच्या तोडीचा दुसरा सापडणं कठीण. म्हणून प्रत्येक सिनेमात तीन गोष्टी बघा: त्याचे हात, त्याचं चालणं, आणि समोरचा बोलत असताना त्याचा चेहरा. संवाद सबटायटल्समधून कळतील. डब केलेली आवृत्ती मात्र टाळा. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला आणि ठेहरावाचा आहे, तो गेला की अर्धं काम गेलं.

पायरी १: ‘द प्रेस्टीज’ (२००६)

इथूनच सुरुवात करा. ख्रिस्तोफर नोलनचा हा सिनेमा तुम्ही कदाचित पाहिलाही असेल. मग पुन्हा पाहा, या वेळी निकोला टेस्लासाठी. टेस्ला झालाय बोवी. भूमिका मोजक्या प्रसंगांची आहे. बोवीने आधी नकार दिला होता. नोलनला दुसरा कुणी सुचेना, म्हणून त्याने स्वतः भेटून त्याला राजी केलं.

प्रवेशाचा प्रसंग नीट पाहा. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या प्रयोगशाळेत विजेचे लोळ कडकडतायत आणि त्यांच्यातून एक माणूस शांतपणे चालत येतो. घाई नाही, बेफिकिरीचा आव नाही. दुसऱ्या कुणी हा प्रवेश केला असता तर आपलं लक्ष विजेकडे गेलं असतं. मग तो जादूगार झालेल्या ह्यू जॅकमनच्या हातात एक दिवा देतो, त्याचा दुसरा हात आपल्या हातात घेतो आणि दिवा पेटतो. आपली शरीरंच वीज वाहून नेतात, असं तो समजावतो. हे सांगताना त्याचा स्वर एखाद्या थकलेल्या, सज्जन प्राध्यापकासारखा आहे. पुढे जॅकमन त्याच्याकडे एक अशक्य यंत्र मागतो, तेव्हा टेस्ला त्याला विचारतो की याची किंमत काय पडेल याचा विचार केलाय का. पैशांचा विषय निघतो आणि टेस्ला क्षणभर नुसता बघत राहतो. जॅकमनला कळलेलं नाही आणि आपल्याला कळलं, हे सगळं त्या एका नजरेत होतं.

खरा टेस्ला १८९९मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला होता तेव्हा त्रेचाळिशीत होता; बोवी ही भूमिका करताना साठीच्या उंबरठ्यावर होता. वयातला हा फरक अजिबात खटकत नाही. उलट, ज्याने अनेक शोध लावले आणि त्यांचं काय होतं हेही पाहिलं, असा माणूस समोर उभा राहतो.

पायरी २: ‘लॅबिरिंथ’ (१९८६)

घरात सात-आठ वर्षांच्या वरची मुलं असतील तर हा सिनेमा त्यांच्यासोबत बघा. जिम हेन्सनच्या बाहुल्या, टेरी जोन्सची पटकथा, निर्मात्यांमध्ये जॉर्ज लुकास, आणि जेनिफर कॉनली ही तेव्हाची किशोरवयीन नायिका. रागाच्या भरात ती म्हणते की माझ्या तान्ह्या भावाला पिशाच्चांनी न्यावं, आणि पिशाच्चांचा राजा जॅरेथ खरोखरच त्याला घेऊन जातो. भूलभुलैया पार करायला तिला तेरा तास मिळतात.

बोवीच्या मोठ्या भूमिकांपैकी ही अशी एक, जिच्यात तो मनसोक्त गातो. सिनेमासाठी त्याने पाच गाणी लिहिली. पण माझ्या मते पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. जॅरेथच्या हातावर काचेचे गोळे फिरतात, एका बोटावरून दुसऱ्यावर, तळव्यावरून मनगटावर, जणू ते हवेत तरंगतायत. ते हात बोवीचे नाहीत. मायकेल मॉशेन हा हातचलाखीचा कलावंत बोवीच्या मागे दडून आपला हात पुढे काढायचा, आणि गोळे दिसत नसताना फक्त स्पर्शाच्या अंदाजाने हे सगळं करायचा. म्हणजे बोवीचं काम काय, तर दुसऱ्याच्या हाताला आपला हात समजून चेहऱ्याने आणि खांद्याने त्याला साथ द्यायची. पुन्हा बघताना खांदे आणि मान बघा. केम्पकडच्या शिक्षणाचा इतका शुद्ध उपयोग दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

प्रदर्शित झाला तेव्हा हा सिनेमा आपटला, आणि हेन्सनने यानंतर दुसरा कथापट दिग्दर्शित केला नाही. १९९०मध्ये तो गेला. पुढे व्हिडिओ कॅसेटवर वाढलेल्या मुलांनी हा सिनेमा उचलून धरला. आज जगभर बोवीला आधी जॅरेथ म्हणून ओळखणारे आणि मग गाण्यांकडे वळलेले असंख्य लोक आहेत.

एक सावधगिरी. काही प्रसंगांत चाळिशीला टेकलेला जॅरेथ आणि षोडशी नायिका यांच्यातली ओढ आज पाहताना अस्वस्थ करते. मुलीने शेवटी त्याला दिलेलं उत्तर मुलांशी आवर्जून बोलण्यासारखं आहे.

पायरी ३: जे पाहता येत नाही ते आधी समजून घ्या

पुढच्या सिनेमाआधी इथे एक थांबा आहे, तो चुकवू नका. १९८०मध्ये बोवीने ‘द एलिफंट मॅन’ या बर्नार्ड पॉमरन्सच्या नाटकात जोसेफ मेरिकची भूमिका केली (नाटकात त्याचं नाव जॉन आहे). मेरिक हा व्हिक्टोरियन लंडनमधला खरा माणूस. त्याचं शरीर विद्रूप झालेलं होतं, आणि जत्रेत पैसे घेऊन त्याला दाखवलं जायचं. आधी डेन्व्हर, मग शिकागो आणि सप्टेंबर १९८०पासून ब्रॉडवेचं बूथ थिएटर, असा हा प्रवास झाला.

या नाटकाची अट अशी की नटाने रंगभूषा करायची नाही. चेहऱ्यावर काही चिकटवायचं नाही, पाठीवर कुबड लावायचं नाही. सुरुवातीला डॉक्टर मेरिकच्या शरीराचं वर्णन करत जातो आणि नट आपलं धडधाकट शरीर त्या वर्णनाप्रमाणे वाकवत, पिळवटत नेतो. मग संपूर्ण प्रयोग त्याच अवस्थेत बोलायचं आणि चालायचं. रात्रीमागून रात्री हे करणं पाठीसाठी किती जाचक असेल याचा विचार करा. तयारीसाठी बोवी लंडन हॉस्पिटलमध्ये जाऊन मेरिकच्या जतन केलेल्या वस्तू पाहून आला होता. प्रयोग चालू असतानाच ८ डिसेंबर १९८०ला त्याचा मित्र जॉन लेननचा न्यू यॉर्कमध्येच खून झाला. बोवीने प्रयोग थांबवले नाहीत. जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, ठरल्याप्रमाणे, तो उभा राहिला.

पूर्ण प्रयोग पाहायला मिळत नाही. टीव्हीसाठी चित्रित झालेले छोटे तुकडे सापडतात, तेवढे शोधून पाहा. नाटकाची संहिता छापलेली आहे, ती वाचलीत तर उत्तमच. त्याच नावाचा डेव्हिड लिंचचा सिनेमाही १९८०चाच. त्यात मेरिक झालाय जॉन हर्ट, तोही भरपूर रंगभूषा करून. बोवीचा त्या सिनेमाशी संबंध नाही. नवखे लोक इथे हमखास गोंधळतात.

हा थांबा पुढच्या पायरीसाठी महत्त्वाचा आहे, कारण बोवीला त्या रंगमंचावर पाहणाऱ्यांत एक जपानी दिग्दर्शक होता.

पायरी ४: ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’ (१९८३)

एकच सिनेमा पाहणार असाल तर हा पाहा.

दिग्दर्शक नागिसा ओशिमा. लॉरेन्स व्हॅन डर पोस्ट यांच्या लेखनावर आधारलेली कथा. १९४२, जावा बेटावरची जपानी युद्धकैद्यांची छावणी. बोवी झालाय मेजर जॅक सेलियर्स, पकडला गेलेला ब्रिटिश सैन्यातला अधिकारी. छावणीचा प्रमुख कॅप्टन योनोई झालाय रयुइची साकामोतो, जो तेव्हा जपानमधला मोठा पॉप संगीतकार होता आणि ज्याने त्याआधी अभिनय केलेला नव्हता. सिनेमाचं संगीत मी करणार, या अटीवर त्याने भूमिका स्वीकारली. त्याच संगीताला पुढे बाफ्टा पुरस्कार मिळाला. दरडावणारा सार्जंट हारा झालाय ताकेशी किटानो, जपानमधला लोकप्रिय विनोदवीर. म्हणजे तीन प्रमुख भूमिकांत तीन ‘बाहेरचे’ लोक. लॉरेन्सच्या भूमिकेत टॉम कॉन्टी हा मुरलेला नट. दोन्ही भाषा जाणणारा आणि दोन्ही बाजूंत अडकलेला माणूस त्याने फार समजुतीने उभा केलाय.

चित्रीकरण झालं ते रारोटोंगा या पॅसिफिकमधल्या बेटावर आणि न्यूझीलंडमध्ये. ओशिमा फार तालमी घेत नसे. एक-दोन टेकमध्ये पुढे जायचा. बोवीला हे मानवलं.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा सगळा क्रम मांडला तो प्रसंग. सेलियर्सला गोळी घालायला न्यायचंय. पहारेकरी कोठडीच्या दाराशी उभे आहेत. सेलियर्स त्यांना थांबवतो आणि दाढी करायला लागतो. हातात काहीच नाही. तो हवेतल्या साबणाचा फेस गालाला लावतो, हवेतला वस्तरा गालावरून ओढतो, चेहरा तिरका करून तपासतो. मग नसलेल्या कपातून चहा पितो. मग नसलेली सिगारेट ओढतो. पहारेकरी बघत राहतात. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस आपली रोजची सकाळ स्वतःला परत देतोय. प्रसंग लांबट आहे, संवाद जवळजवळ नाहीत. लिंडसे केम्पकडे शिकलेला तरुण आणि मेरिकसाठी रोज आपलं शरीर पिळवटणारा नट, दोघंही इथे त्या कोठडीत आहेत. हे नुसतं कौशल्याचं प्रदर्शन वाटू शकलं असतं. बोवीने ते होऊ दिलं नाही, कारण प्रत्येक हालचाल तो नेमक्या रोजच्या वेगाने करतो. प्रेक्षकांसाठी जरासुद्धा मोठी करत नाही.

दुसरा प्रसंग मैदानावरचा. योनोई एका ब्रिटिश अधिकाऱ्याचा शिरच्छेद करायला तलवार उपसतो. सगळे कैदी रांगेत उभे. सेलियर्स रांगेतून बाहेर पडतो आणि मैदान ओलांडून चालत जातो. या चालण्याकडे लक्ष द्या. तो कुठेही थबकत नाही. योनोईसमोर उभा राहतो आणि त्याच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतो. बस. पुढे योनोईचं जे होतं ते साकामोतोच्या चेहऱ्यावर पाहा. या माणसाला सेलियर्सबद्दल सुरुवातीपासून काय वाटत होतं हे त्याला स्वतःलाही इतक्या उघडपणे कळलेलं नव्हतं. शेवट मी सांगत नाही.

कथेतली आणखी एक गोष्ट मला फार हलवून जाते. सेलियर्सला एक लहान भाऊ असतो, पाठीत व्यंग असलेला, गोड गळ्याचा. शाळेत त्याची टिंगल होत असताना सेलियर्स त्याला वाचवायला पुढे जात नाही, आणि ते शल्य त्याने आयुष्यभर बाळगलंय. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गायकांपैकी एकाच्या सिनेमात सुंदर गाणारा मुलगा दुसराच आहे. बोवीने ती जागा त्या मुलाला मोकळी ठेवली, याचं मला कौतुक वाटतं.

लहान मुलांबरोबर पाहू नका. सुरुवातीलाच हाराकिरीचा प्रसंग आहे आणि मारहाणही बरीच आहे.

पायरी ५: ‘द मॅन हू फेल टू अर्थ’ (१९७६)

आता अवघड भाग. बोवीची ही पहिली प्रमुख भूमिका. अनेकांनी हा सिनेमा आधी पाहिला आणि त्यांची दारं बंद झाली, म्हणून मी तो पाचवा ठेवलाय.

१९७५च्या जानेवारीत बीबीसीवर ‘क्रॅक्ड ॲक्टर’ हा माहितीपट दाखवला गेला. अमेरिकेत दौऱ्यावर असलेला बोवी त्यात दिसतो: कमालीचा कृश, कोकेनच्या आहारी गेलेला, आलिशान गाडीच्या मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघणारा. दिग्दर्शक निकोलस रोएगने तो पाहिला आणि त्याला त्याचा परग्रहवासी सापडला. वॉल्टर टेव्हिसची १९६३ची कादंबरी हाताशी होती. थॉमस जेरोम न्यूटन दुष्काळाने मरणाऱ्या आपल्या ग्रहासाठी पाणी न्यायला पृथ्वीवर येतो, आपल्या ज्ञानावर अवाढव्य कंपनी उभी करतो, आणि मग दारू, टीव्ही व एकटेपणात बुडत जातो. चित्रीकरण न्यू मेक्सिकोत झालं. गाडीच्या चालकाची भूमिका केली टोनी मॅशियाने, जो खऱ्या आयुष्यात बोवीचीच गाडी चालवत असे.

कसा पाहाल? सर्वप्रथम पूर्ण आवृत्ती शोधा. अमेरिकेत तेव्हा सुमारे वीस मिनिटं कापून दाखवला होता. मूळ लांबी १४० मिनिटांच्या आसपास आहे. दुसरं, सालं आणि घटनांचा हिशेब ठेवायच्या मागे लागू नका. रोएग मधली वर्षं न सांगता गाळतो. भोवतालचे लोक म्हातारे होत जातात, न्यूटन तसाच राहतो. काळ पुढे गेलाय हे तेवढ्यावरून ओळखायचं.

सुरुवातीच्या मिनिटांत न्यूटन डफल कोट घालून उतारावरून घसरत, तोल सावरत खाली येतो. पाय टाकताना जमीन कुठे आहे याची त्याला खात्री नाही. मग एका दुकानात तो अंगठी विकतो, गरज असल्यासारखी. थोड्या वेळाने आपल्याला दिसतं की तशा अंगठ्यांचा जुडगाच त्याच्याकडे आहे. एकही शब्द न उच्चारता आपल्याला कळतं की हा माणूस तयारी करून आलाय. पुढे तो डोळ्यांवरची भिंगं काढून आपलं खरं रूप कँडी क्लार्कने केलेल्या मेरी-लूला दाखवतो, तो प्रसंग तिच्यासाठी पाहा. क्लार्कने तिथे जिवाचं रान केलंय.

बोवी इथे अभिनय करतोय की नुसता तसाच आहे, हा वाद जुना आहे. त्या दिवसांत तो खरोखरच नशेत आणि हरवलेला होता, हे त्याने नंतर मोकळेपणाने सांगितलंय. मला तो वाद निकाली काढायची गरज वाटत नाही. सात वर्षांनंतरच्या लॉरेन्समध्ये तीच परकेपणाची छटा तो शुद्धीत, जाणीवपूर्वक, हवी तेवढीच वापरतो. दोन्ही पाहिलेत की नट म्हणून तो किती पुढे गेला ते आपोआप कळतं.

याच सिनेमातल्या छायाचित्रांवरून त्याच्या ‘स्टेशन टू स्टेशन’ (१९७६) आणि ‘लो’ (१९७७) या अल्बमची मुखपृष्ठं तयार झाली. सिनेमा संपल्यावर ‘लो’ची दुसरी बाजू ऐका, ती जवळजवळ वाद्यसंगीतच आहे. न्यूटनच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला तिथे ऐकू येतं. सिनेमात नग्नता आहे, तेव्हा घरात सगळे असताना लावू नका.

पायरी ६: छोट्या भूमिका, एका बैठकीत

यांचे पूर्ण सिनेमे पाहायलाच हवेत असं नाही, पण बोवीचे प्रसंग चुकवू नयेत.

‘द हंगर’ (१९८३) हा टोनी स्कॉटचा रक्तपिपासूंवरचा सिनेमा. कॅथरीन दनव्ह आणि सुझन सॅरंडन सोबतीला. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात डॉक्टरची वाट बघत बसलेला बोवी काही तासांत अनेक दशकांनी म्हातारा होतो. रंगभूषा डिक स्मिथची. रंगभूषा अप्रतिमच, पण आवाज आणि बसण्यातला बाक बोवीने आणलाय.

मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’मध्ये (१९८८) तो पाँटियस पायलट आहे, एकाच प्रसंगात. रोमन सत्तेचा अधिकारी कैद्याशी कामाचा कंटाळा आल्यासारखा, जवळजवळ सौजन्याने बोलतो आणि त्याला मरणाकडे पाठवतो. आवाज न चढवता केलेली ही क्रूरता अंगावर येते.

‘बास्किया’ (१९९६) मात्र पूर्ण पाहा. जूलियन श्नाबेल हा स्वतः चित्रकार. त्याने चित्रकार जाँ-मिशेल बास्कियावर केलेला हा सिनेमा. प्रमुख भूमिकेत जेफ्री राइट. बोवी झालाय प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल. बोवीने १९७१मध्ये वॉरहॉलवर गाणं केलं होतं आणि त्याला भेटून ते ऐकवलंही होतं; त्यामुळे ही भूमिका ओळखीतून आलेली आहे. विग, चष्मा आणि जाकीट खुद्द वॉरहॉलचं होतं, पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयातून आणलेलं. नक्कल करण्याचा मोह इथे मोठा होता. बोवीने वॉरहॉलचं तुटक, अर्धवट सोडलेलं बोलणं घेतलं आणि त्यात बास्कियाबद्दलची खरी माया मिसळली.

आणि बीबीसीच्या ‘एक्स्ट्राज’ (२००६) या मालिकेतला त्याचा प्रसंग. रिकी जर्व्हेसचा निराश नट त्याच्याजवळ मन मोकळं करतो आणि बोवी पियानोवर बसून त्याच्यावरच एक टिंगलीचं गाणं रचतो. विनोदाची वेळ किती अचूक साधता येते ते पाहा.

काय सोडून द्यावं

‘जस्ट अ जिगोलो’ (१९७८) सध्या बाजूला ठेवा. मार्लेन डिट्रिचचा हा शेवटचा सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतात, पण तिचे प्रसंग पॅरिसमध्ये वेगळे चित्रित झाले. पडद्यावर समोरासमोर दिसणारे हे दोघं प्रत्यक्ष भेटलेच नाहीत. बोवीला स्वतःलाही तो सिनेमा आवडत नसे. ‘ॲब्सोल्युट बिगिनर्स’चं (१९८६) शीर्षकगीत बोवीच्या उत्तम गाण्यांपैकी आहे, गाणं ऐका, सिनेमा नंतर कधीतरी. नव्वदीच्या दशकाच्या अखेरचे दोन-तीन छोटे सिनेमे फक्त यादी पूर्ण करायची असेल तरच.

त्याने न केलेल्या भूमिकाही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. १९८५च्या बाँडपटातल्या खलनायकाची भूमिका त्याला देऊ केली होती. ती त्याने नाकारली आणि क्रिस्तोफर वॉकनने केली. मोठ्या पैशाच्या सिनेमाला नकार देऊन एका बाहुल्यांच्या सिनेमाला आणि स्कॉर्सेसीच्या एका प्रसंगाला होकार देणारा माणूस कशाच्या शोधात होता, ते यातून दिसतं.

यानंतर कुठे जायचं

बोवीने शेवटच्या दिवसांत न्यूटनकडे परत जायचं ठरवलं. नाटककार एंडा वॉल्शबरोबर लिहिलेलं ‘लॅझरस’ हे संगीत नाटक डिसेंबर २०१५मध्ये न्यू यॉर्क थिएटर वर्कशॉपमध्ये उघडलं. पृथ्वीवरून परत जाऊ न शकलेला न्यूटन चाळीस वर्षांनंतर काय करतोय, ही त्याची कथा. भूमिका केली मायकेल सी. हॉलने. त्या शुभारंभानंतर साधारण महिन्याने, १० जानेवारी २०१६ला, बोवी गेला. नाटकातल्या गाण्यांचा अल्बम मिळतो. पाचवी पायरी झाल्याशिवाय तो ऐकू नका, नाहीतर निम्मे संदर्भ लागणार नाहीत.

दिग्दर्शकाच्या अंगाने पुढे जायचं असेल तर रोएगने डोनाल्ड कॅमलबरोबर केलेला ‘परफॉर्मन्स’ (१९७०) पाहा. त्यात मिक जॅगर आहे. पॉप गायकाला नट म्हणून कसं वापरायचं याचा रोएगचा पहिला प्रयोग तो. आणि लॉरेन्समधला साकामोतो आवडला असेल तर त्याच निर्मात्याचा, जेरेमी थॉमसचा, ‘द लास्ट एम्परर’ (१९८७) लावा. साकामोतो त्यात अभिनयही करतो, आणि त्याच्या संगीताला डेव्हिड बर्न व काँग सू यांच्यासह ऑस्कर मिळालं.